नवव्या दिवशी मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं

निवृत्त झाले त्या दिवशी भाचीने ही कृतज्ञतेची डायरी हातात ठेवली. म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेस, आता थोडा स्वतःचा लिही." ३१ वर्षं हिशेबखात्यात गेली, कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, रोजच्या रोज लिहायची सवय हाडात भिनलेली. वाटलं, हे तर आपलंच काम. डायरीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी आणखी दोन पाहिल्या, त्याही याच साच्यातल्या निघाल्या.

आधी वस्तूबद्दल. पुठ्ठा जाड, शिवण पक्की. पान सपाट उघडतं, दुसऱ्या हाताने दाबून धरावं लागत नाही. खुणेला निळी फीत आहे. कागद पातळ, शाईचं पेन मागच्या पानावर उमटतं, म्हणजे बॉलपेनच वापरायचं. १८० पानं, रोज एक. वर एक सुविचार, खाली 'आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?' आणि तीन ओळी, त्याखाली रंगवायला पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. कोपऱ्यात सलग किती दिवस झाले त्याची चौकट. मुखपृष्ठावर '२१ दिवसांत आनंदी व्हा', आणि बारीक अक्षरात 'विज्ञानाने सिद्ध'.

पहिल्या दिवशी लिहिलं: तब्येत बरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, माणसं चांगली आहेत. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त क्रम बदलून. नवव्या दिवशी चक्क 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि दिवा मालवला. दहाव्या दिवशी चौकटीत १० लिहिताना बरं वाटलं, पण ते आकडा वाढल्याचं बरं वाटणं होतं. ते मी ओळखते, ३१ वर्षं त्यावरच तर काढली.

मग ते 'विज्ञानाने सिद्ध' काय आहे ते शोधून वाचलं. व्हाउचर बघितल्याशिवाय नोंद मान्य करायची नाही, ही जुनी खोड. २००५मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. आणि प्रत्येकीपुढे ती का घडली, हेही. सहा महिन्यांनंतरही फरक दिसत होता, मुख्यतः ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात. आमच्या डायरीत कारणाची ओळच नाही! नेमकी तीच गाळून तिथे पाच चेहरे छापलेत. शिवाय मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्कींच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. म्हणजे रोज एक पान ही सोय आपली की छापणाऱ्याची, तुम्हीच ठरवा.

तेव्हापासून मी डायरी माझ्या पद्धतीने वापरू लागले. फक्त रविवारी. सुविचारावर कागदाची पट्टी. एकच गोष्ट, पण घडलेली, आणि पुढे कारण.

एक नोंद इथे उतरवते. 'लिफ्ट बंद. दोन पिशव्या घेऊन जिन्याने. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीच्या मधोमध एक पोरगी बुटाची नाडी बांधत बसलेली, पाच-सहा वर्षांची. जीभ बाहेर. सरकेना. मी काही बोलायच्या आत म्हणाली, थांबा, हलले तर सुटेल. थांबले. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली, एक कान मोठा, एक इवलासा. तिने पाय माझ्यापुढे केला, तपासायला. मी गाठ ओढून बघितली, पक्की होती. कारण: लिफ्ट बंद.'

हे लिहिताना हात थांबला. त्याच लिफ्टवरून सकाळी मी सोसायटीच्या सचिवांशी फोनवर भांडले होते. हिशेबाच्या द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत जातो, एकीकडे नावे, एकीकडे जमा. मी दिवसभर नुसती नावेची बाजू लिहून मोकळी झाले होते. कारणाची ओळ नसती तर दुसरी बाजू सापडलीच नसती.

डायरीसोबत येणाऱ्या ॲपबद्दल थोडक्यात: काढून टाका. रोज रात्री ९ वाजता 'आत्ता कसं वाटतंय?' विचारतं. ९ वाजता मी झोपाळलेलीच असते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० जणांना फोनवरून असंच विचारलं होतं, पण दिवसात कधीही, अवचित. त्यात लोकांचं मन ४६.९ टक्के वेळा हातातल्या कामावर नसतं असं दिसलं, आणि मन भटकत असताना माणसं कमी आनंदी होती. ठरल्या वेळेला विचारून हे कसं सापडणार? आगाऊ कळवून केलेली तपासणी ती.

आता खरी तक्रार, रोज लिहीत होते तेव्हाची. भावाच्या ऑपरेशनच्या दिवशी रात्री अकराला घरी आले, सवयीने पान उघडलं. वरचा सुविचार सांगत होता की दुःख ही निवड असते. ते पान आणि पुढचं पान मी चारी बाजूंनी स्टेपल केलं. नंतर एका मैत्रिणीला, जी महिनोन् महिने अंथरुणातून उठत नव्हती, कुणीतरी हीच डायरी भेट दिली. तीन ओळी भरता येत नाहीत म्हणून ती आणखी खचली. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, उशिरा का होईना नेलं. नैराश्य आणि चिंतेवर अशा कृतज्ञतेच्या उपक्रमांचा परिणाम थोडाच होतो, असं २०२१च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. मुखपृष्ठावर याबद्दल अवाक्षर नाही. मी असते तर हा शेरा लाल शाईत मारला असता.

पाचपैकी अडीच तारे. दोन शिवणीला, अर्धा भाचीला. ज्यांना कोऱ्या वहीची भीती वाटते त्यांनी जरूर घ्यावी, पण पहिल्याच दिवशी प्रत्येक ओळीपुढे हाताने 'कारण' लिहून ठेवावं. बाकीच्यांना साधी रेघांची वही पुरेल. मी आता तीच वापरते. डायरीची निळी फीत कापून वहीला चिकटवली आहे.

लिफ्ट दुरुस्त झाली. एखाद्या रविवारी काहीच आठवलं नाही तर तारीख घालून पान कोरं सोडते, 'वरीलप्रमाणे' लिहीत नाही. कोरी पानं आतापर्यंत चार.