10-12-14 की 12-13-16? दहा महिने वाजवल्यावर

गेल्या जूनमध्ये जुना ड्रमसेट विकला आणि 10-12-14 टॉमचा नवा घेतला. टॉम म्हणजे सेटमधले काठीनं वाजवायचे मधल्या आवाजाचे ड्रम, आणि हे आकडे त्यांच्या तोंडाच्या व्यासाचे, इंचांत. आता एप्रिल संपत आलाय. मधल्या काळात लग्नाची संगीतं, कॉलनीचे गणपती, सोलापूरच्या गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसातले दोन कार्यक्रम आणि हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातले तीन, असे चाळीसेक कार्यक्रम या सेटवर झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी अडचण कंपनीची नव्हतीच, मापाची होती. "10 घेऊ का 12 पासून सुरू करू" असं विचारणारं कुणीतरी दर पंधरा दिवसांनी भेटतं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

मी दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवतो. उंची पाच फूट चार इंच. उंचीचा संबंध पुढं येईल.

जुना सेट 12-13-16 होता. बारा वर्षं वाजवला. त्याच्यात एकच गोष्ट कायम खटकायची: 12 आणि 13 मध्ये फरक एका इंचाचा. ताण बदलायला कितीही चाव्या फिरवा, दोघं एकाच आवाजात बोलायचे. त्यांना लांब करायला 12 जास्त ताणला तर तो किरकिरायचा, 13 सैल सोडला तर तो फडफडायचा. आणि तिथून 16 वर आलं की तीन पायऱ्या एकदम चुकल्यासारखं व्हायचं. 10-12-14 मध्ये दोन-दोन इंचांचं अंतर असल्यामुळं फिल (दोन ओळींच्या मधला ठोक्यांचा छोटा तुकडा) वरून खाली सरळ उतरतो. व्हिडिओत ऐकून मी याच गोष्टीवर भाळलो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. टॉमला दोन मापं असतात. तोंडाचा व्यास आवाज किती वर किंवा किती खाली जाऊ शकेल ते ठरवतो, आणि शेलची (ड्रमच्या गोल अंगाची) खोली तो किती भरीव होईल आणि किती रेंगाळेल ते ठरवते. बहुतेक ठिकाणी आता 12×9 म्हणजे 12 व्यास आणि 9 खोली. पण जुन्या अमेरिकी पद्धतीत खोली आधी लिहायचे, त्यामुळं तिथं 9×13 म्हणजे 13 इंची टॉम. ही नुसती माहिती नाही. आमच्या ओळखीच्या पंढरपूरच्या एका वादकानं सेकंडहँडमध्ये "10×12" वाचून पैसे पाठवले. त्याला वाटलं 10 इंची टॉम येणार, हातात आला 12 इंची, 10 खोलीचा डेरा. विकणाऱ्याचंही तसं काही चुकलेलं नव्हतं. पैसे देण्याआधी फोनवर "तोंड किती इंच?" एवढंच विचारा.

पहिले तीन-चार महिने मी खूश होतो. माझी खोली विजापूर रोडला, पहिल्या मजल्यावर, वर पत्रा. असल्या खोलीत 10×8 चा टॉम सोन्यासारखा वाजतो. थाप पडली की लगेच बोलतो आणि लगेच गप्प होतो. लावायलाही सोपा. आमच्या कीबोर्डवाल्याला बसवून तिन्ही टॉम सुरात लावले, 14 ला सा धरला, 12 ला म, आणि 10 ला त्या म वरून पुन्हा म. या अंतरानं लावले की साधा चार ठोक्यांचा फिलसुद्धा कानाला गोड लागतो. मात्र 14 फार खाली नेला की 10 ला त्याच्या मानानं खाली यावं लागतं आणि तिथं त्याचा जीव जातो. म्हणून गाण्यागणिक सूर बदलायच्या भानगडीत पडू नका. टॉम आपापल्या जागी जिथं मोकळे बोलतात तिथं सोडा.

माती खाल्ली ती जानेवारीत. गड्ड्याचे दिवस, उघडं पटांगण, दोन हजारांवर माणसं, आणि साउंडवाल्याकडं टॉमसाठी मिळून एक माइक. मी मन लावून वाजवलं. खाली उतरलो तर आमचे ढोलकीवाले मामा, जे मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते, म्हणाले, "काय बे, तो पहिला टॉम वाजवायलास का नुसता हात फिरवायलास?" मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. मामा खरं बोलत होते. फिल सुरू होतो तिथं काठीची टकटक ऐकू येते, मग 12 वर आवाज उघडतो. 10 चं अंगच नाही.

कारण गणिताचं आहे. 10 च्या हेडपेक्षा (तोंडावर ताणलेल्या पडद्यापेक्षा) 12 च्या हेडचं क्षेत्रफळ सुमारे 44 टक्क्यांनी जास्त भरतं. हवा ढकलायला कातडं लागतं, आणि 10 कडं ते नाही. खोलीत भिंती मदत करतात, हॉलमध्ये माइक. मोकळ्या मैदानात त्याला कुणी नसतं. प्रत्येक टॉमला वेगळा माइक असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. पण सोलापुरात लग्नाच्या कार्यक्रमाला किती वेळा तसे माइक मिळतात ते आपल्याला माहीत आहे.

मग मी हेडवर खर्च केला आणि तिथंही आधी चुकलो. सेटबरोबर आलेली हेड पातळ होती, म्हणून तिन्हीवर दोन पदरी घातली, 7 मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन थर असतात ती. 12 आणि 14 सुधारले. 10 मात्र पुठ्ठ्याचा खोका झाला. लहान तोंडावर जाड हेड मोकळं हलत नाही. शेवटी 10 वर परत एकपदरी 10 मिलचं लावलं, तेव्हा तो पुन्हा माणसात आला. दुकानात "तिन्हीला एकच सेट घ्या, स्वस्त पडेल" म्हणतात, त्याला मान डोलावू नका.

आता उंची. माझा बेस ड्रम (पायानं वाजवायचा मोठा) 22 चा आहे. त्याच्यावर जुने खोल टॉम बसवले की ते माझ्या छातीशी यायचे, मग मी ते माझ्याकडं इतके झुकवायचो की स्टिक सपाट न पडता टोकानं पडायची. हेडवर वाटाण्याएवढे खळगे. नवीन 10×8 आणि 12×9 उथळ आहेत, त्यामुळं चार बोटं खाली आले आणि जवळजवळ आडवे ठेवता येतात. दहा महिन्यांत एक खळगा नाही, खांदाही दुखत नाही. या सेटचं सगळ्यात मोठं कौतुक माझ्याकडून यालाच, आवाजाला नाही. बुटक्या माणसानं टॉम बघताना व्यासाइतकंच खोलीकडं बघावं.

14 चा फ्लोअर टॉम (स्वतःच्या पायांवर जमिनीवर उभा राहणारा) हुतात्मामध्ये माइकवर अप्रतिम वाजतो. गोल, आटोपशीर, पुढच्या ठोक्याच्या पायात येत नाही. रिक्षात मांडीवर बसतो हेही लिहून ठेवण्यासारखं. 16 साठी छोटा हत्ती सांगावा लागायचा. पण त्याच्याकडून 16 चा आवाज काढायला गेलात की तो रुसतो. मैदानात दणका हवा म्हणून मी चाव्या सोडत गेलो, हेडला कडेनं सुरकुत्या पडल्या आणि भिजलेलं पोतं आपटल्यासारखा आवाज आला. चाव्या पाव-पाव फेरा वर घेतल्या की लगेच शहाण्यासारखा बोलतो. शेवटी फेब्रुवारीत जुना 16×16 साडेसहा हजाराला उचलला. रंग जुळत नाही. स्टेजवरच्या लाल-निळ्या दिव्यांत कुणाला कळत नाही.

उन्हाळ्याचा एक अनुभव. आवाज दाबायला हेडवर चिकटवायचे जेलचे तुकडे घेतले होते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ते चिकट होऊन घसरायला लागले, काढले तर तेलकट डाग. मग कारखान्यातल्या टॉवेलची तीन बोटं रुंद पट्टी कापली आणि हूपखाली (हेड धरून ठेवणाऱ्या कड्याखाली) एक टोक अडकवून हेडच्या कडेला सोडली. बीटल्सच्या शेवटच्या काळात रिंगो स्टारनं टॉमवर टॉवेल पसरून वाजवलंय, त्यामुळं कुणी हसलं तर हसू दे. बेस ड्रममध्ये चादर तर माझ्याकडं पहिल्यापासूनच आहे, आणि सेट पुढं सरकू नये म्हणून खाली अंथरायलाही चादरच.

सध्या माझी मांडणी अशी: मैदान असेल तर वर एकटा 12, खाली 14 आणि 16. हॉल किंवा घर असेल तर 10-12-14. पहिल्या मांडणीत वरचा एक टॉम गेला म्हणून काही अडत नाही. रिंगोचा नावाजलेला छोटा सेट वर 12, खाली 14 आणि 20 चा बेस एवढाच होता. लेड झेपेलिनचा बॉनहॅम वर 14 आणि खाली 16-18 ठेवून 26 च्या बेसवर वाजवायचा. दोघांच्या हातात काय होतं ते वेगळं सांगायला नको, पण दोघांकडंही 10 नव्हता.

मला आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी 12-14-16 घेईन आणि 10 नंतर सुटा बघेन. स्टुडिओत किंवा चर्चमध्ये माइक लावून वाजवणाऱ्यानं, किंवा घरात शिकणाऱ्या पोरानं, बिनधास्त 10-12-14 घ्यावा. त्याला 12-13-16 घेऊन देऊ नका, दुकानदार कितीही सूट देऊ दे.

तक्रार एकच. 14 च्या पायाचे स्क्रू वाजवता वाजवता सैल होतात आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्याला टॉम एका बाजूला कलतो. वॉशर टाकून बघितले, थोडा फरक पडला. आता पायांवर जिथं पकड येते तिथं मार्करनं खूण केली आहे, दोन गाण्यांच्या मध्ये बघून घेतो.

16 मात्र मामांच्या घरी असतो. तो इथं वाजवला की खालच्या अक्कांच्या मांडणीवरची भांडी वाजतात. अक्कांनी एकदाच वर येऊन सांगितलं, तेलुगुत, आणि मला सगळं समजलं.