चॉक पेंट : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. चॉक पेंट मी सोडणार नाही, पण त्यावर मेण लावणं बंद केलंय.

मी ग्राहकांच्या घरचं जुनं फर्निचर रंगवून त्यावर हातानं नक्षी काढून देते. चौरंग, पाट, आजीच्या वेळची पेटी, देव्हारा, क्वचित एखादं अख्खं कपाट. पूर्वी सगळं ऑइल पेंटवर चालायचं. एक हात वाळायला रात्र जायची, आणि फ्लॅटमध्ये काम म्हटल्यावर वासानं शेजारी हैराण. गेल्या दिवाळीच्या सुमारास चॉक पेंटवर आले आणि त्यानंतरची बहुतेक कामं त्याच रंगात झाली.

हा प्रकार ॲनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी १९९० मध्ये आणला. आता आपल्याकडेही बऱ्याच जणांचा मिळतो. पाण्यात मिसळणारा, दाट, वाळल्यावर अगदी मॅट. डबा महाग वाटतो, पण एक लिटर साधारण १३ चौरस मीटरला पुरतो असं सांगतात, आणि चौरंग-पाटांच्या कामात तो सहज संपत नाही.

‘घासायला नको, अस्तर नको, थेट लावा’ ही जाहिरात मात्र आपल्या घरांतल्या लाकडाला बघून केलेली नाही. सागवान तेलकट असतं. ते थिनरनं पुसून २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासलं नाही, तर रंग धरल्यासारखा वाटतो आणि नखानं निघतो. सनमायकाचंही तेच. शिसव त्याहून वाईट. कोथरूडच्या एका काकूंच्या पेटीला मोतिया रंग हवा होता. दुसरा हात वाळेपर्यंत कडेनं गुलाबी-तपकिरी डाग वर आले, तिसऱ्या हातातूनही आले. लाकडातलाच रंग पाण्यात सुटून वर चढतो, त्यामुळे पाण्याच्या रंगाचे आणखी हात देऊन काही होत नाही. मध्ये चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात हवा, तोही मेण काढलेल्या चपड्याचा, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून. (चपडा, स्पिरिट, ब्रश, सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं, त्यासाठी ऑनलाइन जाऊ नका.) पावसाळी हवेत चपडा पांढुरका पडतो, म्हणून हे काम उघडीप बघूनच.

जुन्या बाजारातून कुणी आधीच रंगवलेली वस्तू आणली, तर ती कोरडी घासत नाही. घरगुती रंगांतल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात काय असेल, सांगता येत नाही. मास्क लावायचा, वॉटर पेपर ओला करून घासायचं आणि निघालेला चिखल पुसून घ्यायचा.

आता नक्षी, म्हणजे माझं खरं काम. चॉक पेंटचा पृष्ठभाग पाणी पितो. पैठणीतल्या आसावलीसारखी लांब वळणाची वेल त्यावर थेट काढायला गेलं, की ब्रश अडखळतो, रेघ मध्येच सुकते, आणि चुकलेलं पुसायला जावं तर खालचा रंगही उठतो. म्हणून मी रंगाचे दोन हात झाले की मॅट टॉपकोटचा (रंगावरच्या पारदर्शक लेपाचा) एक पातळ हात देते. तो नीट वाळला की त्यावर आर्टिस्ट ॲक्रिलिकनं नक्षी. ब्रश सरळ धावतो, आणि बिघडलेली पाकळी ओल्या फडक्यानं लगेच निघते. बिनबोभाट पाया म्हणून चॉक पेंटला तोड नाही: चकाकी नसल्यामुळे नक्षीचे रंग उठून दिसतात. सावंतवाडीचे चितारी गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, करताना कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर देत आलेत, त्यावर चित्र, आणि लाखही वापरतात. तेव्हा खडूवर चित्र काढणं हा काही इंग्लंडचा शोध नव्हे.

मेणाचं सांगायचं राहिलं. चॉक पेंटला संरक्षण म्हणून ते सगळ्यात वर लावतात. लावल्या दिवशी मेण सुंदर दिसतं, हाताला मऊ लागतं. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलेल्या टेबलावर ते चिकट झालं आणि धूळ धरून बसलं. चहाच्या गरम कपाची गोल खूण उमटते ती वेगळीच. ऑगस्टमध्ये सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून फोन आला, पाटाच्या खालच्या बाजूला बुरशी. आणि हळद! मेणावर सांडलेली हळद खाली रंगात उतरते. थोडी फिकी होते, कारण उन्हात हळदीचा रंग टिकत नाही, पण चौरंग रोज उन्हात कोण ठेवणार?

म्हणून आता पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन वार्निश), मॅट, दोन पातळ हात. तेलाचं वार्निश पांढऱ्यावर पिवळं पडतं, ते नको. पीयूनं रंग किंचित गडद होतो, हे ग्राहकाला आधी नमुन्याच्या फळीवर दाखवते. आधी मेण लावलेल्या वस्तूवर पीयू धरत नाही. मेण टर्पेंटाइननं पुसून, हलकं घासून मगच. वरून कोरडं वाटलं तरी पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर प्लॅस्टिक अंथरू नका म्हणून बजावून सांगते. तरी एका घरी अंथरलंच, आणि त्याची जाळी नक्षीवर उमटली.

कडा घासून ‘जुनाट’ दिसेलसं करण्याची फॅशन इथे फारशी चालली नाही. एका ताईंनी हौसेनं करून घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, “पैसे देऊन पोपडे काढून घेतलेत होय?” पुढच्या कामात कडा शाबूत ठेवल्या.

डायनिंग टेबलाला विचारलं तर मी चॉक पेंट सुचवत नाही. रोज पुसलं जाणारं, गरम भांडी ठेवायचं लाकूड पॉलिशवाल्याकडे द्यावं; नक्षी हवीच असेल तर खुर्च्यांच्या पाठींवर काढून देते. देव्हारा, पेटी, आरशाची चौकट, पाट यांना मात्र हाच रंग. उरलेला डबा झाकणाची कड पुसून घट्ट लावा आणि उन्हापासून लांब ठेवा. घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून ढवळला की पुन्हा चालतो.