पट्टी काढायची की पंच मारायचा? एफयूटी आणि एफयूई

टक्कल पडलं की डोक्याच्या मागचे केस काढून पुढे लावतात, त्या हेअर ट्रान्सप्लांटमध्ये केस काढायच्या दोन पद्धती: एफयूटी आणि एफयूई. माझ्या दादाने एफयूटी केली आणि चार वर्षांनी मी एफयूई, त्यामुळे ऑफिसात कोणाचं कपाळ मोठं व्हायला लागलं की तो माझ्याच डेस्कवर येतो, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी एक गोंधळ दूर करा. जाहिरातीत डीएचआय वाचून लोकांना ती तिसरी पद्धत वाटते, पण त्यात पेनसारख्या इम्प्लांटरने केस लावतात, मागून काढायचं काम तिथेही बहुतेक एफयूईनेच होतं.

एफयूटीमध्ये डोक्याच्या मागच्या भागातून एक-दीड सेंटीमीटर रुंदीची कातडीची पट्टीच काढतात, जागा टाक्यांनी शिवतात आणि मायक्रोस्कोपखाली त्या पट्टीतून एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा छोटा पुंजका, सोडवतात. मूळ डोळ्यांना दिसत असताना कापतात, म्हणून तुटण्याचं प्रमाण कमी, आणि पूर्ण डोकं भादरावं लागत नाही. पण आडवी रेघ जन्मभराची. दादाचे टाके बाराव्या दिवशी निघाले, तोवर मान खाली घातली की मागे ओढ बसायची, लोकलमध्ये मोबाईलसुद्धा डोळ्यांसमोर उंच धरून बघायचा बिचारा. आज केस दोन बोटं वाढलेले असतात तेव्हा काही कळत नाही, पण सलूनवाल्याने मशीन जरा खाली लावली की रेघ दिसतेच.

एफयूईत साधारण 0.7 ते 1 मिलिमीटरच्या गोल पंचने, म्हणजे धारदार तोंडाच्या पोकळ नळीने, एकेक ग्राफ्ट काढतात. (पंच काही नवा नाही, जपानमध्ये ओकुदांनी 1939 सालीच वापरला होता, फक्त तो आजच्यापेक्षा बराच मोठा होता.) मला पालथं झोपवलं, भुलीची इंजेक्शनं चांगलीच झोंबली, मग दुखणं बंद, पण पंच फिरवणाऱ्या मोटरची घरघर कवटीच्या आतून ऐकू येत राहते आणि ते तासन्‌तास चालतं. टाके नाहीत, पाचव्या दिवशी कामावर गेलो. मात्र ‘वण राहत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, बारीक पांढरे ठिपके राहतात. शिवाय कातडीखाली मूळ कुठे वळलंय ते दिसत नाही, त्यामुळे कुरळ्या केसांत आणि नवख्या हातात मुळं जास्त तुटतात, आणि हावरटपणे जास्त ग्राफ्ट काढले की मागचा भाग कसर लागलेल्या स्वेटरसारखा विरळ दिसतो.

मागून बारीक मशीन मारायची सवय असेल तर सरळ एफयूई. केस लांब ठेवता, ग्राफ्ट खूप लागणार आहेत, तर एफयूटी जुनी म्हणून नाकारू नका, ती बहुतेक ठिकाणी स्वस्तही पडते. वण फुगायची सवय असेल, म्हणजे केलॉइड, तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि पंचविशीत असाल तर जरा थांबा, टक्कल अजून मागे सरकणार असतं आणि मागून काढलेला केस तिथे परत उगवत नाही, साठा तेवढाच.

हात कोणाचा, हे मला पद्धतीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलंय की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून शिकणं हे प्रशिक्षण धरता येणार नाही. मी पहिल्यांदा गेलो त्या क्लिनिकमध्ये पंच कोण मारणार असं विचारलं, तर काउन्सेलर म्हणाली, ‘आमची टीम करते सर.’ डॉक्टर भेटतील का विचारलं, तर ऑपरेशनच्या दिवशी. मी अॅडव्हान्स न भरता उठलो आणि दुसरीकडे केलं, जिथे डॉक्टरांनी स्वतः माझे मागचे केस भिंगातून बघून किती निघतील ते कागदावर लिहून दिलं.