करडी, राखाडी की पारवी? शाईच्या सहा बाटल्यांचे परीक्षण

इंग्रजीतल्या ‘ग्रे’ला मराठीत एकच शब्द नाही, आणि शाई निवडताना ही अडचण न ठरता सोयच ठरते. चुलीतल्या राखेचा रंग राखाडी, कबुतराच्या पाठीचा पारवा आणि पिकू लागलेल्या दाढीचा करडा. दुकानात ‘ग्रे’ एवढ्याच नावाखाली मांडलेल्या बाटल्या उघडल्या की त्याही साधारणपणे अशाच कुळांत विभागल्या जातात. एकीत निळसर झाक असते, दुसरीत तांबूस ऊब असते, तर तिसरी शिसपेन्सिलीसारखी मळकट हिरवी दिसते. दौत म्हणजे निळी, काळी, फार तर शिक्षकांची लाल, एवढ्याच कल्पनेवर आमची पिढी वाढली. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. त्या परंपरेत वाढलेल्या हाताला करडी शाई सुरुवातीला थोडी उपरीच वाटते.

माझी पहिली करडी बाटली फसली; तिचे नाव येथे घेत नाही. तिचा नमुना कापसाच्या बोळ्याने जाड कागदावर फासलेला होता, तो सुरेख दिसला म्हणून मी ती घेतली आणि घरी बारीक निबेतून लिहिल्यावर अक्षर वाचायला खिडकीपाशी जावे लागले. बोळ्याने कागदावर पडणारी शाई निबेतून उतरणाऱ्या शाईपेक्षा कितीतरी दाट असते, ही साधी गोष्ट तेव्हा ध्यानात आली नव्हती. म्हणून या वेळी सगळ्या शाया दोन फाउंटन पेनांतून वापरल्या. एक पायलट या जपानी कंपनीचे मेट्रोपॉलिटन, बारीक निबेचे, आणि दुसरे लामी या जर्मन कंपनीचे सफारी, मध्यम निबेचे. जपानी बारीक निब युरोपीय बारीक निबेहून साधारणपणे अधिक नाजूक रेघ काढते, त्यामुळे या दोन पेनांमधले अंतर नावांवरून वाटते त्याहून मोठे आहे. कागद तीन होते: नेहमीची फुलस्केप वही, ७५ ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद आणि टोमोए रिव्हर हा गुळगुळीत, कमी शोषणारा जपानी कागद.

कसोटी मी अनुस्वाराची लावली. देवनागरीत शिरोरेषेवरचे ते टिंब म्हणजे निबेचा केवळ एक स्पर्श असतो. तेथे शाई कमी उतरते आणि फिकी शाई असेल तर टिंब कागदात विरून जाते. ‘त्याचे’ आणि ‘त्यांचे’ यांतला मानापमानाचा सगळा भार मात्र त्याच टिंबावर असतो. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली, हातभर अंतरावरून, ज्या शाईतला अनुस्वार दिसतो ती शाई माझ्या लेखी उत्तीर्ण.

पायलटच्या इरोशिझुकू मालिकेत या कुळातल्या दोन शाया आहेत आणि दोन्ही ५० मि.लि.च्या जड, देखण्या काचेच्या बाटलीत येतात. बाटलीच्या तळाशी मधोमध खळगा असल्यामुळे शेवटची शाईही पेनात ओढून घेता येते. ‘किरी-सामे’ म्हणजे धुक्यासारखा बारीक पाऊस, आपण ज्याला भुरभुर म्हणू तो. शाईही तशीच आहे: उबदार, मऊ आणि किंचित संकोची. मध्यम निबेतून तिची छटा फार गोड पडते. उभी रेघ ओढताना शाई खाली साचत जाते, त्यामुळे कान्याचे टोक गडद आणि वरचा भाग फिका असा उतार प्रत्येक अक्षरात दिसतो. बारीक निबेतून मात्र ती पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिल्यासारखी दिसते आणि अनुस्वार काही ठिकाणी शोधावा लागतो. दुसरी ‘फुयु-शोगुन’, म्हणजे हिवाळ्याचा सेनापती. जपानी भाषेतले कडाक्याच्या थंडीचे हे मानवी रूप आहे. ही स्पष्टपणे पारवी शाई आहे. निळसर, थंड आणि किरी-सामेपेक्षा गडद असल्याने ती दोन्ही निबांतून, तिन्ही कागदांवर वाचता येते. वहीच्या कागदावर ती फुटली नाही आणि मागच्या बाजूस उमटली नाही. तिची एक गंमत मात्र सांगायला हवी. दिवसाच्या उजेडात दिसणारी तिची निळाई पिवळ्या दिव्याखाली जवळजवळ मावळते, त्यामुळे रात्री निवडलेली शाई सकाळी वेगळीच वाटण्याची शक्यता आहे.

डायमाइन ही १८६४ साली लंडनमध्ये सुरू झालेली आणि आता लिव्हरपूलची असलेली कंपनी. तिची ‘ग्रॅफाइट’ या सहांतली सर्वांत गडद शाई. काळी आणि राखाडी यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या शाईत हिरवट झाक आहे. काहींना ती शेवाळलेल्या दगडासारखी आवडते, काहींना मळकी वाटते. मला ती पहिले दोन दिवस आवडली नाही, तिसऱ्या दिवसापासून आवडू लागली. अनुस्वाराच्या कसोटीत ती सहज पहिली येते. रोजच्या टिपणांसाठी, हिशेबाच्या वहीसाठी किंवा लांब पत्रासाठी मी हीच सुचवीन. ३० आणि ८० मि.लि. अशा दोन मापांत ती मिळत असल्याने सुरुवात लहान बाटलीपासून करता येते.

जे. एर्बां या १६७० सालापासूनच्या फ्रेंच नावाखाली मिळणारी ‘ग्री न्वाज’, अर्थात ढगाचा रंग, ही लिहिण्याची शाई आहे असे मला वाटत नाही. समासात खुणा करायला, छापील मजकुराखाली रेघा ओढायला किंवा चित्रात सावल्या भरायला ती उत्तम आहे, कारण खालचे अक्षर झाकले जात नाही. बारीक निबेत तिला घालूच नये.

सेलर या जपानी कंपनीची ‘१२३’ हा वेगळाच प्रकार आहे. २०१८ साली आलेल्या शंभर रंगांच्या मालिकेतली ही शाई गुळगुळीत कागदावर सुकताना तिच्यातले रंग वेगवेगळे होऊ लागतात, आणि एकाच ओळीत कोठे हिरवट, कोठे गुलाबी-जांभळी, कोठे राखी अशी रेघ दिसते. यामागचे कारण घरीच पाहता येते. टीपकागदाच्या पट्टीवर शाईची आडवी रेघ ओढून पट्टीचे खालचे टोक पाण्यात बुडवावे. पाणी वर चढताना शाईतले रंग आपापल्या वेगाने सरकतात आणि ज्याला आपण करडा म्हणत होतो तो रंग निळ्या, तांबड्या, पिवळट पट्ट्यांत मोकळा होतो. शाई ओली राहण्यास जितका वेळ मिळतो तितके हे विलगीकरण अधिक दिसते. म्हणूनच टोमोए रिव्हरवर नाचणारी ही शाई वहीच्या शोषक कागदावर निव्वळ फिकट जांभळट राहते. बाटली फक्त २० मि.लि.ची आहे. ज्यांच्याकडे रुंद निब आणि चांगला कागद दोन्ही आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी. इतरांना त्या पैशांत ग्रॅफाइटची मोठी बाटली अधिक सुख देईल.

वरच्या पाचही शाया पाण्याच्या थेंबाने विरघळतात. पाकिटावरचा पत्ता किंवा टिकाऊ नोंद करड्या रंगातच हवी असेल तर अमेरिकेच्या नूडलर्स कंपनीची ‘लेक्सिंग्टन ग्रे’ घ्यावी लागते. ही शाई कागदातील सेल्युलोजशी संयोग पावते, त्यामुळे सुकल्यावर पाण्याने जात नाही. तिच्यात छटांचा खेळ कमी आहे, पण कामाची आहे.

काळ्या शाईत पाणी घालून करडी करता येईल का, हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो प्रयोग केला. बहुतेक काळ्या शाया अनेक रंगांच्या मिश्रणातून काळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पातळ केल्यावर करडा रंग न येता निळसर किंवा जांभळट पाणी हाती लागते. शिवाय प्रवाह सांभाळणारी आणि बुरशी रोखणारी द्रव्येही पातळ होतात, आणि शाई वहीवर फुटू लागते.

करडी शाई भरण्यापूर्वी पेन नेहमीपेक्षा दोनदा अधिक धुवावे. फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तिच्याखालच्या भागात, राहिलेला निळा थेंब काळ्या शाईत कळत नाही, पण किरी-सामेचा तो पारवा रंग करून टाकतो. ज्यांना लिहिलेली पाने स्कॅन करून पाठवायची असतात त्यांनी काळ्या-पांढऱ्याऐवजी रंगीत किंवा ग्रेस्केल स्कॅन निवडावे, अन्यथा फिक्या ओळी अर्धवट गळतात.

सध्या माझ्या सफारीत फुयु-शोगुन आहे आणि मेट्रोपॉलिटनमध्ये ग्रॅफाइट. एकच बाटली घ्यायची असेल तर बारीक निबवाल्यांनी ग्रॅफाइट घ्यावी आणि मध्यम निबवाल्यांनी फुयु-शोगुन. इरोशिझुकूच्या १५ मि.लि.च्या छोट्या बाटल्याही मिळतात, तेव्हा किरी-सामेचा मोह तेवढ्यावर भागवता येईल.