टांझानियाची पाच दिवसांची सहल : प्राणी भरपूर, माणसे ओझरती

अरुशा येथील एका सहल कंपनीमार्फत आम्ही चौघांनी गोरोंगोरो आणि झांझिबार पाहिले. प्राणी दाखवण्याच्या बाबतीत या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. मानवी वारशाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो.

गोरोंगोरो हे कोसळलेल्या ज्वालामुखीचे विवर असून त्याचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आणि काठापासून सहाशे मीटर खोल आहे. पहाटे काठावर इतके धुके व गारठा असतो की आफ्रिकेत स्वेटर कशाला, असे म्हणून आम्ही ते सामानात बांधून ठेवल्याचा पश्चात्ताप झाला. गाडी चालवणारा हाच वाटाड्या होता. काळा गेंडा दूरवर ठिपक्याएवढा दिसताच त्याने इंजिन बंद केले आणि दुर्बीण आधी आमच्या हाती दिली. विवरात जिराफ का दिसत नाहीत, या प्रश्नावर उभ्या कडांकडे बोट दाखवून त्याने मोजक्या शब्दांत उत्तर दिले.

ओल्डुवाई घळीसाठी मात्र जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना १९५९ साली जिथे सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवसदृश कवटी सापडली, त्या जागेसाठी एवढा वेळ अपुराच म्हणावा लागेल. त्याच वर्षी शेजारच्या सेरेंगेटी अभयारण्यातून हलवलेल्या मासाई या पशुपालक जमातीच्या लोकांना गोरोंगोरो परिसरात गुरे चारण्याची मुभा मिळाली, आणि आज त्यांच्या तिथल्या वास्तव्यावरूनच वाद सुरू आहे. तरीही सहलीत मासाई वस्ती आली ती नाच आणि मण्यांच्या माळांची खरेदी एवढ्यापुरतीच.

झांझिबार बेटावरच्या जुन्या शहराला, म्हणजे स्टोन टाउनला, अर्धा दिवस दिला, तोही घाईचा. तिथल्या कोरीव दारांवरचे पितळी खिळे पाहून शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवला. हत्ती धडकू नयेत म्हणून असे खिळे ठोकण्याची रीत हिंदुस्थानातून आली असे तिथे सांगतात, पण त्या बेटावर हत्ती नाहीत, त्यामुळे उरली ती निव्वळ शोभा. १८७३ साली बंद झालेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागी आज चर्च उभे आहे. तिथे आम्ही थांबलो असतानाच वाटाड्या घड्याळ पाहू लागला.

नोंदणी करताना स्टोन टाउनसाठी पूर्ण दिवस आणि ओल्डुवाईसाठी किमान दोन तास लेखी मागून घ्यावेत. शाकाहारी डबा आधी कळवल्यास नीट मिळतो. विवरातील भोजनस्थळी तो गाडीत बसूनच खावा, कारण तिथल्या घारी हातातला घास पळवतात.