कृष्णा, तलाव आणि भाट्याची खाडी: तिघांत एकच संच पुरला का?

मिरजेच्या या मासेमारीच्या सामानाच्या दुकानाबद्दल लिहायचं दसऱ्यापासून मनात होतं. पण काठी आणि रीळ कोरं असताना सगळंच चांगलं वाटतं, म्हणून अख्खा हंगाम जाऊ दिला. कृष्णेचं गढूळ पाणी निवळायला लागलं तेव्हापासून मे संपेपर्यंत हा संच नदीवर, तलावावर आणि समुद्रावर असा तिन्हीकडे वापरून झाला. आता खात्रीनं सांगता येतं.

आम्ही तिघं जण. मी सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. दुसरे आमचे दाजी, त्यांचा सगळा जीव नदीत. तिसरे मास्तर, त्यांना फक्त मरळ दिसते. मला समुद्राची ओढ. साध्या काठ्या तिघांकडेही होत्या आणि चिलापीला त्या पुरतात. पण लांब टाकायला आणि मोठा मासा लागला तर धरायला एक चांगला संच हवा होता. तिघांनी तीन घेण्यापेक्षा वर्गणी काढून एकच घ्यायचा असं ठरलं. ज्याचं पाणी, त्याच्या हातात काठी पहिली, हा नियम.

दुकान लहान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पण दुकानदार चाचांनी आम्हाला पहिल्यांदा पैशाचं विचारलं नाही. "बसणार कुठं? पाण्यात गवत किती? खाऱ्यावर जाणार का?" एवढं विचारून घेतलं आणि मगच कपाटाकडं वळले. मास्तरांची नजर बारा फुटी काठीवर होती. चाचांनी ती खाली उतरवलीच नाही. आठ फुटी, दोन तुकड्यांची, मीडियम ताकदीची, १० ते ३० ग्रॅम वजन फेकणारी काठी दिली आणि तिच्यावर ४००० नंबरचं रीळ. वर स्पष्ट सांगितलं, "नदीला आणि खाडीला ही बास. मरळेला मऊ पडंल, आधीच सांगतो."

रीळ निवडताना त्यांनी एक गोष्ट बघितली जी मी बघितली नसती: त्या रिळाचं जादा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळायची चकरी, बाजारात मिळतं का. मिळत होतं, म्हणून तेच घ्यायला लावलं. एका स्पूलवर ०.३५ मिलिमीटरची साधी नायलॉन लाईन, दुसऱ्यावर २० पौंडी ब्रेडेड, म्हणजे धाग्यांची विणलेली. पाणी बदललं की स्पूल बदलायचं. नायलॉन ताणल्यावर लांबते, त्यामुळं कटला-रोहूनं हिसका मारला तरी मऊ तोंडातला गळ फाटून निघत नाही. ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळं लांबवरचा गळही झटक्यासरशी रुततो. एका संचात तीन पाणी बसवायची खरी युक्ती या जादा स्पूलमध्ये आहे, आणि तिला लागले जेमतेम पाचशे रुपये.

लाईन भरायची पद्धतही बघण्यासारखी. ब्रेडेड थेट स्पूलवर भरली तर मासा ओढायला लागल्यावर सगळा गुंडा घसरून नुसताच फिरतो. चाचांनी आधी थोडी नायलॉन गुंडाळली, तिला ब्रेडेड बांधली आणि ओल्या फडक्यातून ताण देत सावकाश भरली. अर्धा तास गेला. त्याचे वेगळे पैसे नाहीत. हंगामभरात ब्रेडेडचा एकही मोठा गुंता झाला नाही, त्याचं श्रेय मी या अर्ध्या तासाला देतो.

घरी आल्यावर मी रीळ उघडलं. बेअरिंग, शाफ्ट, ग्रीस हे माझं रोजचं काम, त्यामुळं राहवलं नाही. बॉडी ग्रॅफाइटची, म्हणजे हलकी, पण दणकट म्हणता येणार नाही अशी. मोठा गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा, पिनियन पितळी. या किमतीत हेच असतं. कारखान्यातून ग्रीस मात्र फार कंजूषपणे भरलेलं. डब्यावर बेअरिंगचा आकडा मोठा छापलेला बघून कुणी रीळ घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. चार बेअरिंग असोत नाहीतर दहा, त्यांना मिठापासून आडोसा आहे की नाही हे विचारा. आमच्या रिळाला तो नव्हता. त्याचं पुढं येतंच.

नदीपासून सांगतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, त्या संगमाच्या आसपास दाजींची बसायची ठिकाणं. संगमावर प्रवाह दोन रंगांत दिसतो आणि मासा त्या दोन्हींच्या शिवेवर फिरतो असं दाजी म्हणतात. चारा शेंगपेंडीचा. तेलघाण्यावरची ताजी पेंड कणकेत मळून त्याचे गोळे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळं फ्लोटपासून गळापर्यंतची लांबी किती ठेवायची यावर कोण येणार हे ठरतं. आठ फुटी काठीचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे: पायऱ्यांवर किंवा उंच काठावर उभं राहूनच पाहिजे तिथं टाकता येतं, पाण्यात उतरावं लागत नाही. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला नवं नाही. थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, पण दिसत नाहीत तेव्हाच जास्त जपायचं. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकणारी पोरं बघितली की आम्ही हाक मारून बाहेर बोलावतो. हा लेख वाचून एकानं जरी ती सवय सोडली तरी पुष्कळ.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेक, मी ताणकाट्यानं लावला. लाईनची तुटायची ताकद जेवढी, तिच्या पाव हिश्श्याला रीळ सुटायला हवं. म्हणजे २० पौंडी, नऊ किलोच्या ब्रेडेडला साधारण सव्वादोन किलो. नायलॉनला त्याहून कमी. काटा गळाच्या टोकाला अडकवून काठी वाकवायची आणि आकडा बघायचा, दोन मिनिटांचं काम. हरिपूरला दाजींच्या हातात चांगला चार किलोंचा कटला लागला तेव्हा या ड्रॅगची परीक्षा झाली. मासा आडवा धावला, रीळ किर्रकिर्र सुटत राहिलं, कुठं अडकलं नाही, धक्का दिला नाही. दाजी एकदाही नॉबला हात न लावता नुसते काठी धरून उभे. "लगा, हे तर आपोआप खेळवतंय की!" असं ते ओरडले ते अजून कानात आहे. एवढ्या किमतीच्या रिळाचा ड्रॅग इतका गुळगुळीत असेल असं मला वाटलं नव्हतं. नदीसाठी या संचाला पैकीच्या पैकी.

तलावावर मात्र चाचांचं बोलणं खरं ठरलं. आम्ही तासगाव भागातल्या एका तलावावर बसतो. नाव देत नाही, कारण त्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं आहे आणि त्यांच्या परवानगीशिवाय तिथं गळ टाकायचा नसतो. आपल्याकडच्या बहुतेक तलावांचं असंच आहे. आधी सोसायटीत जाऊन विचारा, पैसे भरा, पावती घ्या. त्या लोकांनी बीज सोडलेलं असतं, त्यांचं पोट त्यावर आहे.

मरळ हवा घ्यायला वर येते, तिला त्याशिवाय जगता येत नाही. मास्तर काठावर न हलता बसून राहतात आणि गवतात कुठं बुडबुडा फुटला, पान हललं, त्याच्या थोडं पुढं रबरी बेडूक टाकून हळूहळू ओढत आणतात. बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळं तो गवतात अडकत नाही. हे बेडूक चाचांकडं भरपूर प्रकारचे आहेत आणि पोटाला पांढरे असलेले घ्या हा मास्तरांचा सल्ला. मरळ घेते ती फाडकन, अंगावर काटा येतो. पण घेतल्यावर ती तळाकडं, गवताच्या मुळांत घुसते आणि तिथं आमची काठी कमी पडली. नुसती वाकत राहते, मरळेचं तोंड वर उचलून धरत नाही. चांगल्या मोठ्या मरळी मास्तरांच्या हातून अशा गेल्या. मोकळ्या पाण्यात हीच काठी उत्तम चालली. तेव्हा गवताच्या तलावासाठी हा संच घेऊ नका, त्याला आखूड आणि ताठ काठी हवी.

एक गोष्ट मास्तर शाळेतल्या पोरांना सांगतात तशी सगळ्यांना सांगतात. पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा झुबका फिरताना दिसला तर त्याखाली मरळेचं जोडपं राखणीला असतं. त्या वेळी बेडूक टाकला तर ती रागानं झडप घालते, पकडणं अगदी सोपं. पण आई-बाप गेले की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. तिथं काठी गुंडाळायची आणि दुसऱ्या कोपऱ्याला जायचं.

समुद्र म्हणजे आमच्यासाठी रत्नागिरी. सांगलीहून रात्री निघायचं, कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट उतरायचा आणि फटफटायच्या आत भाट्याला पोचायचं. काजळी नदी तिथं समुद्राला मिळते. भरती कधी हे मोबाईलवर कळतं, पण तिथल्या एका वयस्क मच्छीमारानं आम्हाला हिशेब शिकवला तो मी कायमचा लक्षात ठेवला आहे: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती. गळानं मासा धरण्याला तिथं गरवणं म्हणतात आणि एवढ्याशा दोरीवर, बिनरिळाचं, असं काही गरवतात की बघत बसावं.

इथं ब्रेडेडच्या पुढं जाड फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे लाईनचा हातभर पुढचा तुकडा, बांधावाच लागतो. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेवर ब्रेडेड लागली की संपलीच. चाचांनी ४० पौंडी लीडर दिला आणि गाठ कशी मारायची ते दुकानातच आमच्याकडून मारून घेतली, मनासारखी बसेपर्यंत. भाट्याला मला तांबोशी मिळाली ती या गाठीवर. लागल्याबरोबर ती सरळ खडकाच्या कपारीकडं धावली, लीडरवर ओरखडे उठले, पण तो तुटला नाही. आठ फुटांची काठी इथं खडकावरून लाईन उंच धरायला उपयोगी पडली. ३० ग्रॅमच्या वर शिसं लावलं तर मात्र टाकताना काठी कुरकुरते. लाटेत जड शिसं लागतं, तिथं हिचं काम नाही. खाडीच्या तोंडाशीच बसावं.

आता मिठाचं. प्रत्येक वेळी घरी आल्यावर आम्ही रीळ गोड्या पाण्यानं धूत होतो: ड्रॅग आवळून, वरून हळू धार सोडून, मग ड्रॅग ढिला करून सावलीत वाळवायचं. जोराच्या पाइपानं धुऊ नये, मीठ आणखी आत जातं. एवढं करूनही फेब्रुवारीत लाईन-रोलरचं बेअरिंग धरलं. बेलच्या, म्हणजे रिळावरच्या तारेच्या कमानीच्या, टोकाला लाईन जिच्यावरून वळते ती छोटी चकती म्हणजे रोलर. ओली खारट लाईन सगळ्यात आधी तिथंच घासते आणि आमच्या रिळात तिथं सील नाही. रोलर फिरेना म्हणजे लाईन झिजणार.

मी ते स्वतः बदललं असतं, पण त्या मापाचं बेअरिंग माझ्या कपाटात नव्हतं, म्हणून दुकानात नेलं. चाचांनी माझ्यासमोर उघडलं, डब्यातून नवं काढलं, मरीन ग्रीसचा थेंब दिला, फिरवून दाखवलं. पैसे फक्त बेअरिंगचे. मी कारागीर आहे, दुसऱ्याचा हात कसा चालतो ते मला कळतं. स्क्रू काढलेल्या क्रमानं फडक्यावर मांडून ठेवणारा माणूस वस्तूची आणि गिऱ्हाइकाची कदर करतो. ऑनलाइन हाच संच थोडा स्वस्त मिळाला असता, पण फेब्रुवारीत तो घेऊन मी कुणाच्या दारात गेलो असतो?

तक्रारी आहेत. लुअरवर, म्हणजे नकली चाऱ्यांवर, किमती लिहिलेल्या नसतात, प्रत्येक वेळी विचारावं लागतं. रविवारी सकाळी गर्दीत नव्या माणसाकडं लक्ष जात नाही, मधल्या वारी संध्याकाळी जा. दुकानातली सर्वात स्वस्त नायलॉन घेऊ नका, थंडीत तिचे वेटोळे सुटत नाहीत आणि टाकताना लाईन अडते. आम्ही डिसेंबरात ती काढून जरा बरी भरली. लुअरचे तीन टोकांचे गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात, पण ते सुटे मिळतात, बदलता येतात.

सगळं मिळून साधारण सहा हजार रुपये झाले, म्हणजे माणशी दोन हजार. नदीला आणि खाडीला हा संच डोळे झाकून घ्या. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. काठावरच्या गळाला ती लागू नाही, तरी पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो म्हणून आम्ही तिघंही काठी ठेवून देतो. शिवाय आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं चढायला लागलं की काठावर कुणाचंच काम नसतं. रीळ सध्या उघडून, ग्रीस भरून, ड्रॅग सैल करून ठेवलं आहे. मरळेसाठी मास्तरांना साडेसहा फुटी ताठ काठी पाहिजे. ती चाचांकडं आत्ता नाही, पण ऑगस्टात सांगून ठेवली तर दसऱ्याच्या आत मागवून देतात.