सेशेल्समधील भाड्याची बोट आणि चौथ्या पानावरची सही

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सहा मित्र सेशेल्सला गेलो होतो. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात आणि ते ओसरल्यावर समुद्र निवळतो, म्हणून तो महिना निवडला होता. आमच्यातील एकाने मुंबई बंदरात बरीच वर्षे शिडाच्या होड्या चालवलेल्या असल्यामुळे खलाशी न घेता आठ दिवसांसाठी नुसती कॅटामरान (दोन समांतर तळ असलेली शिडाची बोट) भाड्याने घ्यायचे ठरले. भाड्याखेरीज ३००० युरो अनामत म्हणून माझ्या क्रेडिट कार्डावर अडकवले जाणार होते. ही रक्कम सुरक्षित राहावी म्हणून बुकिंग करून देणाऱ्या मध्यस्थाने प्रत्येकी साडेसहा हजार रुपये घेऊन आम्हाला ‘डॅमेज वेव्हर’, म्हणजे नुकसान झाले तरी अनामत कापली जाणार नाही अशी हमी, विकला.

माहे बेटावरच्या धक्क्यावर बोट दुपारी ३ वाजता मिळायची होती, ती साडेपाचला मिळाली. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य मावळला की पाहता पाहता अंधार होतो, आणि रात्री बोट चालवण्यास करारातच मनाई होती. त्या घाईत चार पानी यादी समोर आली. लाइफ जॅकेट, ताटल्या, गॅसची टाकी, नांगराची साखळी हे सगळे आम्ही इमानेइतबारे मोजले. शेवटच्या पानावर ‘तळ: सुस्थितीत’ अशी ओळ होती. “अरे, पाण्याखालचं आपण कधी बघितलं?” असे मित्राने विचारलेही, परंतु कर्मचारी हसून म्हणाला की ही नेहमीचीच औपचारिकता आहे, आणि मी सही केली.

पुढचे दिवस सुरेख गेले. माहेपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे प्रालँ, क्युरियुझवरची महाकाय कासवे, ला दिग. बोट कुठेही घासली नाही.

परतल्यावर बोटमालकाचा पाणबुड्या तळाखाली गेला आणि दहा मिनिटांत डाव्या तळाच्या कण्यावरील वीतभर खरचटीचा फोटो घेऊन वर आला. दुरुस्तीचे २२४० युरो कापले गेले. कशाचे किती, याचा तपशील आजतागायत मिळालेला नाही. डॅमेज वेव्हरचे नाव काढताच त्यांनी करार पुढे सरकवला. त्यात त्याचा उल्लेखच नव्हता. मध्यस्थाने फोनवर ‘ती आमची अंतर्गत योजना आहे’ असे सांगून दोन अर्ज भरून घेतले आणि नंतर फोन उचलणे सोडून दिले. असे संरक्षण बोटमालकाच्या करारात लिहिलेले नसेल, तर त्यासाठी एक रुपयाही देऊ नये.

खरी चीड आली ती पुण्याला परतल्यावर. पहिल्याच संध्याकाळी सेंट ॲन बेटाजवळ नांगर टाकून एका मित्राने पाण्याखाली माशांचे चित्रण केले होते. त्यात एका क्षणी बोटीचा तळ दिसतो: तांबडा रंग, त्यावर तीच वीतभर खरचट, आणि तिच्या कडांवर हिरवे, लवलवणारे शेवाळ. असे शेवाळ तासा-दोन तासांत धरत नाही.

चित्रफीत जोडून मी बँकेकडे तक्रार केली. सहा आठवड्यांनी उत्तर आले की बोट सुस्थितीत मिळाल्याचे कार्डधारकाने सही करून मान्य केले असल्यामुळे रक्कम परत करता येत नाही. सोबत चौथ्या पानाची प्रत होती. त्या ओळीपुढे ‘तळ पाहिलेला नाही’ एवढे लिहिण्यापुरती जागा कोरीच होती.